वाळ्याची ताटी

"काकू, मे महिन्यात शाल कोणासाठी?" मागच्या सीटवरची लोकरी शाल पाहून दुर्गेशने विचारलं.

शोभाताई लकडगंजातल्या त्याच्या गॅरेजात स्टुलावर बसून पदराने वारा घेत होत्या. "आमचे हे चार वाजता दवाखान्यातून सुटतात," त्या म्हणाल्या. "गाडीत यायले थंडी वाजते."

दुर्गेश हसला. गाडीच्या एसीतून त्या वेळी जी हवा येत होती, तिच्यावर पापड भाजून निघाले असते.

गाडी पंचवीस वर्षांची. शोभाताईंचे यजमान मनोहरराव हृदयाच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस धंतोलीतल्या दवाखान्यात पडून होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की कामठीला घरी पोचेपर्यंत उन्हाची झळ लागता कामा नये. मुलाचा, सुशीलचा, सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला, टॅक्सी सांगू का म्हणून. पण बारा दिवसांत मनोहररावांनी एकच गोष्ट मागितली होती. घरी जाईन तर माझ्या गाडीतून. आणि शोभाताई हो म्हणून बसल्या होत्या.

दुर्गेशने सकाळपासून गॅस भरून पाहिला, ब्लोअर साफ केला, हीटरचं गरम पाणी आत झिरपतं का तेही पाहिलं. गाडी पळती असली की जराशी गार हवा यायची. उभी राहिली की भट्टी. तो जेवायला उठू नये म्हणून शोभाताई त्याला एकामागून एक गोष्टी सांगत होत्या. नवी असताना या गाडीचा एसी असा होता, की रामटेकच्या रस्त्यावर एक पोपट खिडकीतून आत शिरला आणि नागपूर येईस्तोवर त्याची चोच कडकड वाजत होती. शेवटी मनोहररावांनी त्याला आपला मफलर दिला. एकदा विरजणाचा डबा सीटखाली राहिला, तर दह्याच्या जागी कुल्फी निघाली. दुर्गेश हसायचा आणि पाना फिरवायचा.

दोन वाजता त्याने हात पुसले. "कॉम्प्रेसर गेला, काकू. उद्या आणतो. आज टॅक्सी करून घ्या."

"ताटी काढली का तू?"

"कोणती ताटी?"

"सकाळी सांगतली न. कूलरची. यायनं समोरच्या जाळीमागं बांधली होती ते."

सकाळची तिसरी गोष्ट ती. दोन उन्हाळ्यांमागे मनोहररावांनी घरच्या कूलरची वाळ्याची ताटी कापून गाडीच्या तोंडाशी बसवली होती. कूलरची हवा ताटीतून थंड होते, तं गाडीची काहून नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचे तिच्यावर. शोभाताईंच्या सांगण्यात पुढे त्या वाळ्याला पालवी फुटली होती, आणि सदरच्या सिग्नलवर एका गाईने गाडीचं अर्धं तोंड चरून टाकलं होतं.

"ते तं पोपटासारखंच झालं न, काकू," दुर्गेश म्हणाला.

ती गोष्ट शोभाताईंनी इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली होती, की तिच्यातलं घडलेलं किती आणि आपण जोडलेलं किती, हे आता त्यांचं त्यांनाच उमजेना. पण तांब्या आठवत होता. पितळी, एका बाजूने चेपलेला, रोज गाडीपाशी विसरलेला. आणि त्यावरून रोज झालेलं भांडण. भांडण काही त्यांनी जोडलेलं नव्हतं.

त्या उठल्या. पदर खोचला, दुर्गेशच्या पेटीतून पेचकस उचलला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत गाडीच्या तोंडाशी बसल्या. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला होता, तो काही हलेना. त्या दात आवळून पिळतच राहिल्या.

"राहू द्या, काकू, लागून जाईल."

"तू जेवून ये गा."

दुर्गेश जेवायला गेला नाही. शेजारी बसला आणि उरलेले स्क्रू त्याने काढले. जाळी हातात आली. मागे डांबरी रस्त्याचा तुकडा असावा तसं काहीतरी काळं, दगडासारखं होतं. दोन वर्षांची धूळ, चिखल, मेलेले किडे. मनोहरराव आजारी पडल्यापासून तिच्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. तिच्यातून हवा काय, मुंगीही पलीकडे गेली नसती, आणि समोरून वारा मिळाल्याशिवाय एसी गार होत नाही. चारी कोपरे लेंग्याच्या नाडीने पक्के बांधलेले.

दुर्गेशने नाडीची एक गाठ ओढून पाहिली. "काकू, मंग गाय पण खरी होती काय?"

"गाय सोड. वाजले किती?"

साडेचारला इंदोऱ्याच्या चौकात लाल दिवा लागला. बाहेर दुचाकीवाले तोंडाला दुपट्टे गुंडाळून उभे होते. शोभाताईंनी ब्रेक दाबला आणि श्वास धरून ठेवला. गाडी उभी राहिली. हवा गारच येत होती. आणखी थोडा वेळ गेला, तरी गारच.

शेजारच्या सीटवर मनोहरराव डोळे मिटून टेकले होते. "माही ताटी आहे न जागेवर?" त्यांनी विचारलं.

ताटी डिक्कीत होती. वर्तमानपत्रात बांधलेली, नाडीसकट.

"नाही तं काय," शोभाताई म्हणाल्या. "थंडी वाजून राहिली का?"

"थोडीशी."

त्यांनी मागे हात टाकून शाल ओढली. दिवा हिरवा झाला. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला, पण शालीचं टोक मनोहररावांच्या गळ्यापाशी नीट खोचून होईपर्यंत शोभाताईंनी गियर टाकला नाही.