खणाच्या पिशव्या

नाडी ओवता ओवता झुंबरबाईचा हात थांबला. पिशवीच्या एका अंगाला आंब्याच्या रंगाचा चौकोन होता, त्याला लाल काठ. तिनं पिशवी उजेडाला धरली, कापडावरून अंगठा फिरवला. चष्म्यानं दगा दिला असता, अंगठ्यानं दिला नसता. खण तोच होता.

संयोगिता, तिची सून, मशीनवर पाठमोरी बसली होती. झुंबरबाईनं पिशवी हळूच मांडीखाली सारली. दुसरी उचलली, तिलाही तोच काठ. तीही मांडीखाली गेली.

सून जपानी पिशव्या शिवते, हे झुंबरबाई गल्लीत मोठ्या तोऱ्यानं सांगायची आणि घरात मात्र तिला टोचत राहायची. तिकडच्या बाया म्हणे चार घरचे तुकडे गोळा करून अशी चौकोनी बुडाची पिशवी शिवायच्या आणि तिच्यातून देवाला तांदूळ न्यायच्या. संयोगितानं हे मोबाईलवर दाखवलं, तेव्हा सासूनं विचारलं होतं, जपानात कापडाचा दुष्काळ पडला होता काय. तरी गेल्या आठवड्यात तुकडे कमी पडले म्हणून सून अडून बसली, तेव्हा ट्रंकेतला ब्लाऊजपिसांचा अख्खा गठ्ठा तिनंच काढून आदळला. सुनेच्या ओटीत वर्षानुवर्षं आलेली पिसं. ती कुणी शिवत नाही, दुसरीच्या ओटीत ढकलतात. गडहिंग्लजच्या एसटीगत इकडून तिकडं फिरत राहतात. घे सगळं, मी काय वर जाताना संगं नेणार हाय, असं म्हणून ती तणतणत बाहेर गेली. गठ्ठ्याच्या तळाशी आपणच एक खण जपून ठेवलाय, हे रागाच्या भरात ध्यानात राहिलं नाही.

संयोगिता उठली आणि पिशव्या खोक्यात मांडू लागली. कमी भरल्या. तिनं मशीनखाली बघितलं, टोपलीत बघितलं, मग सासूकडं बघितलं. एवढी घट्ट मांडी घालून झुंबरबाई कधी बसत नसे. गुडघे ठणकायचे.

"आत्ती, उठा बघू जरा."

"उठवतीस कशाला? घर विकलंस का काय?"

पण नाडीचं टोक बाहेर डोकावत होतं. संयोगितानं ते धरून पिशव्या ओढल्या. काठ बघितला, सासूचं तोंड बघितलं आणि खाली बसली.

"हा खण कुणाचा हुता?"

झुंबरबाईनं तुटक तुटक सांगितलं. मालक गेले त्या साली चैत्रात घरात हळदीकुंकू होतं. ती पोराला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती, बायकांच्या नजरेला पडायचं नाही म्हणून. थोरली जाऊ धोंडुबाई तिथवर आली आणि भरल्या घरादेखत तिच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. दोघी बायका रागानं उठून चालत्या झाल्या. धोंडुबाईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आता तिलाही जाऊन किती वर्षं झाली.

"मागनं कुणी माझी ओटी भरली न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "लागलीबी न्हाय."

चूक आपली, कात्री लावायच्या आधी विचारायला हवं होतं, असं संयोगिता म्हणू लागली. ह्या पिशव्या राहू देत घरात, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते आपण बघू.

"तुझी कशी चूक? मी दिलाय, माझ्या हातानं."

तेवढ्यात गिऱ्हाईकच दारात आलं. मधुवंती, शाहूपुरीत तिचं ऑफिस होतं. पिशव्या कमी आहेत हे ऐकून तिचा चेहरा पडला. ती सांगू लागली, उद्या आईला पंचाहत्तरावं लागतंय, तिच्या मैत्रिणी घरी येणार. आईला हळदीकुंकू करायची हौस होती. पण तिच्यासकट बहुतेकींचे नवरे गेलेले. कुणाला कुंकू लावू आणि कुणाला वगळू, म्हणून आईनंच ते नको म्हटलं. त्यापेक्षा सगळ्यांना सारखी एकेक पिशवी द्यायची ठरली. आता त्यातही कुणीतरी राहणार.

झुंबरबाई ऐकत होती. तिनं सुनेच्या हातातून पिशव्या घेतल्या, लाल काठावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि त्या खोक्यात ठेवल्या.

"तांदूळ आण," ती सुनेला म्हणाली. "आजऱ्याचा घनसाळ आण. न्हायतर रेशनचा आणशील."

संयोगिता डबाच घेऊन आली. झुंबरबाई एकेका पिशवीत मूठमूठ तांदूळ घालू लागली. मधुवंती चुळबुळली.

"काकू, तांदूळ म्हणजे ओटीसारखंच झालं ना. त्या बायका घेतील की नाही, काय माहीत."

"घेतील. म्या घेतला. मेलो व्हय?"

मधुवंतीला हसू फुटलं. मग तिनं स्वतःच एक पिशवी उचलून सरळ धरली. थोड्या वेळानं म्हणाली, आई नक्की विचारेल कुणी दिल्या म्हणून, तर तिला नाव काय सांगू?

झुंबरबाईनं नाडी ओढून गाठ मारली.

"धोंडुबाई," ती म्हणाली. "धोंडुबाईनं धाडल्यात म्हणावं."

संयोगितानं मान वर केली. पुढच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून तिनं ती सासूसमोर धरली.