आई सिरियस

"वहिनी, आडव्या व्हा! रहमतुल्लाची आई येतेय!"

केसरीनाथ दिरांचा आवाज ऐकताच अनसूयाबाईंनी स्टुलावरून खाली उडी घेतली. नवे पडदे तसेच लोंबकळत राहिले. खाटेवर पडून त्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. धडधाकट बाईला आजारी पडायचं म्हणजे केवढा व्याप!

अक्कल दिरांचीच. माधवच्या साखरपुड्यासाठी मुलीकडची मंडळी घायकुतीला आलेली आणि त्याला पलटणीतून सुट्टी मिळेना. "पोरगा लष्करात धाडला की आईनं एवढं शिकून घ्यावं," दीर म्हणाले होते, "साध्या पत्राला तिथं कोण विचारतो? 'आई सिरियस' म्हणून तार ठोका." ठोकली. परवा माधव भिवंडीत हजर. उद्या साखरपुडा.

पण पोरगा आला तो वेगळाच. धावत घरात शिरला, आईला चुलीपुढे पाहून मटकन खाली बसला. "तू बरी आहेस?" एवढंच विचारलं. मग तसाच बाहेर पडला, तो दिवेलागणीला परतला. तेव्हापासून माडीवर बसून होता, अन्नाला शिवला नव्हता. निवळेल राग, असं अनसूयाबाई मनाशी म्हणत. पण त्याच्यापुढे ताट ठेवताना त्यांची मान वर होत नव्हती.

खारबावहून डब्यात पेज घेऊन आलेली जुबैदा खाटेशी टेकली. तिचा रहमतुल्ला आणि माधव एकाच तुकडीत; तिला खरं कळलं की पलटणीत कळणार. तिनं अनसूयाबाईंच्या कपाळाला हात लावला. लाजेनं त्यांना दरदरून घाम सुटला होता.

"ताप उतरतोय, अल्लाची मेहेरबानी," जुबैदा म्हणाली. "परवा माधव आमच्याकडं रहमतची चिठ्ठी घेऊन आला नि उंबऱ्यावर बसून रडला. काय बोलंच ना. मी समजले, तुझं काय खरं न्हाय."

सगळं सांगून टाकावं, असं अनसूयाबाईंना वाटलं. पण काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "रहमत कधी येतोय? निकाह जवळ आला ना त्याचा?"

"ह्या जुम्म्यालाच होता. पण एकालाच सुट्टी होती, ती रहमतची मंजूर झालेली. तुझी तार आली नि त्यानं आपली सुट्टी माधवला दिली." जुबैदानं पेजेचा चमचा अनसूयाबाईंच्या ओठांशी नेला. "चिठ्ठीत लिवलंय, अम्मी, निकाहला दुसरी तारीख मिळंल, माधवला दुसरी आई न्हाय मिळायची."