गुळाचा खडा

वडगावला जनावरांच्या दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना चंपी दोनदा बसली आणि तिच्याबरोबर नथूआबाही. त्याच्या बायकोला, बयाबाईला, जाऊन दोन महिने झाले होते, आणि आता तिची ही म्हातारी कुत्रीही धापा टाकायला लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी चंपीची छाती तपासली. "आबा, हिचं हृदय थकलंय," म्हणत त्यांनी डिगॉक्सिनच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

आबानं ती लांबूनच ओळखली. "ही तर आमच्या मंडळीची गोळी!"

"हो, माणसांचीच आहे. हिला पाव पाव द्यायची, सकाळ-संध्याकाळ. चुकवायची नाही."

"त्याचा घोर नगा करू. दीड वर्ष तिला रोज सकाळी दिली. नगं म्हनली तरी गुळाच्या खड्यात घालून दिली. येक दिस चुकवला न्हाई." आबाच्या थकल्या जिवाला तेवढंच एक समाधान उरलं होतं.

"पण एक ध्यानात ठेवा. हिनं खाणं सोडलं तर गोळी लगेच बंद करून हिला माझ्याकडं आणायचं. अंगात जास्त झाली की आधी भूक मरते. तरी देत राहिलं, तर हीच गोळी जीव घेते."

आबानं पट्टी उचलून उलटसुलट करून पाहिली. "मानसाचंबी तसंच का वो?"

"तसंच."

शेवटचे आठ दिवस बयाबाईच्या पोटात दुसरं काहीच गेलं नव्हतं. फक्त तो गुळाचा खडा, रोज सकाळी, न चुकता.