काल किती जणांना भेटलात?

विषाणूने पुन्हा रूप बदललं आणि साथीचं सगळं गणित तिला नव्याने मांडावं लागलं. माणसं रोज किती जणांना भेटतात, हे ती सकाळपासून फोनवर विचारत होती. आकडा लहान आला की साथ आटोक्यात, म्हणून ऐकल्याबरोबर "छान!" म्हणायची. बोलून बोलून घसा बसला, तेव्हा तिने आईलाच फोन लावला.

"आई, काल किती जणांना भेटलीस?"

"पार्सलवाला दाराशी खोकं ठेवून गेला. तो चालेल?"

"नाही गं. समोरासमोर बोललेली माणसं सांग."

"मग तूच. रात्री बोललो की आपण."

"फोनवरचं धरत नाहीत, आई."

"असं होय? मग कुणीच नाही बघ."

आकडा भरता भरता सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "छान!"