शिवणयंत्राचं तेल

काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा अर्ध्यावरच अडकत होता. बाबा गेल्यावर ते यंत्र त्यांच्या नेमबाज मित्राला, शिर्केकाकांना, द्यायचं ठरलं होतं. काका गाडी घेऊन आले होते.

"तुझ्या बापासारखंच हट्टी आहे," काका म्हणाले.

मी बारूद डब्यात काढून ठेवली आणि ती मोजून सोडणारं माप यंत्रावरून सोडवलं. आत दाणे ओलसर होऊन चिकटले होते. बोटांना शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला.

आई दारातच उभी होती. "गंजू नये म्हणून मीच घातलं थोडं."

बाबा यंत्राच्या या टेबलाशी बसले की दर वेळी ओरडायचे, "तेलाचा हात इथं लावू नकोस, बारूद बिघडते." त्यांना चहा द्यायला शिवणावरून उठताना आई आधी हात धुवायची. इतकी वर्षं.

स्पिरिटनं पुसलं असतं तर माप लगेच मोकळं झालं असतं. मी ते होतं तसंच बसवलं.

"काका, हे काही सुटत नाही. राहू दे इथंच."

काका जन्मभर काडतुसं भरत आलेले. त्यांनी मापाकडे पाहिलं, मग आईकडे.

"गेलं हे कामातून," ते म्हणाले. "वहिनी, चहा टाका."