दीवची पारख

सिंह झोपलेला होता, तरी चेतनने त्याला हात जोडले. उघड्या जीपमध्ये मागे बसलेल्या हिलालभाऊंनी नाक मुरडलं.

"मांजराला नमस्कार घालतोय," ते मध्यस्थ बाबुरावांच्या कानाशी पुटपुटले. "आणि हा माझ्या वर्षाला सांभाळणार."

"पोरगं सरळ आहे, भाऊ."

"सरळ तर उदबत्तीपण असते."

हिलालभाऊ मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत पर्वत पाटिया भागात साड्यांच्या पॅकिंगचं काम. जावई पाहायची त्यांची तऱ्हा मात्र स्वतःची. कांदेपोह्यांपुढे सगळेच साधू, खरा माणूस दिसतो तो हातात पेला आल्यावर, असं त्यांचं म्हणणं. गुजरातेत पडली दारूबंदी. म्हणून गीरच्या सफारीचं निमित्त, आणि शेवटी दारू खुली असलेल्या दीवच्या बेटावर दोन दिवस आराम. वर्षाची आधीची तीन स्थळं याच बेटावर बुडाली होती. या खेपेला निघताना रंजनाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "पोरीच्या मनात हाच भरलाय. हे गेलं तर ती पुन्हा कोणापुढे बसायची नाही."

दीवला समुद्रासमोर खुर्च्या मांडल्या. हिलालभाऊंनी स्वतःच्या हाताने पेला भरून पुढे केला.

"नको मामा. तुम्ही घ्या."

"लाजू नको, भो. इथं कोण बघतंय?"

"मी आहे ना," चेतन म्हणाला, आणि लिंबूपाणी ढवळत बसला.

त्याची भीड चेपावी म्हणून हिलालभाऊंनी एक घेतला. मग त्याला चव कळावी म्हणून दुसरा. दुसऱ्या दिवशी तर दुपारीच बसले. वेटरला शिव्या घातल्या, एक चप्पल लाटेला वाहिली, आणि शेवटी वाळूतच आडवे झाले. चेतनने काखेत हात घालून त्यांना खोलीवर नेलं.

"माणूस आहेस का पाणपोई?" झोपता झोपता त्यांनी विचारलं.

सुरतेला घरी आल्यावर ते ऐटीत झोपाळ्यावर बसले.

"बाबुराव, पोरगं बावळट आहे. पण कोरडं निघालं. कळवा त्यांना, मुलगा पास."

स्वयंपाकघराच्या दारात वर्षा पदराआड हसली.

बाबुरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"त्यांचा निरोप सकाळीच आलाय, भाऊ. मुलगी लाखात एक म्हणतात. पण पिणाऱ्याच्या घरची सोयरीक नको." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "दीवला चेतन सासरा पाहायला आला होता."