पाकिटावरची कात्री

“कोणाची गं तू?”

आबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचं जेवण आटोपत आलं होतं. कोपरीच्या त्या दोन खोल्यांतून पाहुणे एकेक करून निघू लागले होते. रंभाबाई नवऱ्याच्या, आबांच्या तसबिरीशेजारी, त्यांच्याच खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दिवसभर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला मोठ्याने रडू दिलं नव्हतं. मेणबत्तीपुढे उभी राहून तसबिरीकडे टक लावून पाहणारी ही मुलगी मात्र कुणाची, ते त्यांना उमगेना.

“कृतिका महेंद्र साळवे,” शाळेत सांगतात तसं मुलीने पूर्ण नाव सांगितलं. “तुम्ही मला ओळखता ना? फोटोत बघितलंय तुम्ही.”

रंभाबाईंनी तिला पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

“माझा दात पडलेला, तो फोटोपण आलेला तुमच्याकडे. पप्पा म्हणाले.”

दाराशी पाहुण्यांना निरोप देणारा महेंद्र मागे वळला. घरी न विचारता लग्न केलं म्हणून आबांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं, त्यानंतर तो आला तो थेट आबांच्या अंत्ययात्रेला, तोही एकटा. बायको-मुलीला घेऊन या घरात त्याने आज प्रथमच पाऊल टाकलं होतं. तो राहायचा त्या मानपाड्याहून कोपरी काही परदेशात नाही. पण त्याला येण्याची बंदी होती, म्हणून स्वतःऐवजी त्याने पाकिटं पाठवली. फोनवरून फोटो द्यावेत आणि एका कंपनीने ते छापून दर महिन्याला घरपोच करावेत, अशी वर्गणी तो मुलीच्या जन्मापासून भरत आला होता.

“आई, पाकिटं मिळाली नाहीत तुला?”

“मिळाली.”

“मग हिला ओळखलं कसं नाहीस?”

“उघडली नाहीत.”

रंभाबाईंनी उठून कपाटातला गठ्ठा काढला आणि त्याच्या हाती दिला. सगळी पाकिटं एका मापाची. सगळ्यांवर त्यांचंच नाव छापलेलं. एकाचीही कड फाटलेली नव्हती.

ताटं उचलून आत निघालेली मृणाल, महेंद्रची बायको, तिथेच थबकली. “फोटो मीच निवडायचे, आई,” ती हळू आवाजात म्हणाली. “ही हसत असेल तेवढेच.”

“मुद्दाम तुझं नाव घातलं होतं मी,” महेंद्र म्हणाला. “आबांच्या नावाने आलं असतं तर त्यांनी दारातूनच परत धाडलं असतं.”

“धाडलंच असतं. आणि माझ्या नावाने आलं, म्हणून त्यांनी ते फोडलं नाही. टपालखात्यात हयात गेली त्यांची. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी.”

“अगं, मग तू तरी फोडायचंस.”

“‘त्याचं नाव पुन्हा या घरात निघता कामा नये,’ असं ह्यांनी बजावलं होतं. ह्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. एकदा ‘उघड’ म्हणाले असते, तर त्या क्षणी उघडलं असतं. मी वाट पाहिली, महेंद्र. ते म्हणाले नाहीत.” रंभाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. “उलट डिवचायचे मला. पाकीट आलं की स्वतः आणून माझ्यापुढे ठेवायचे, आणि वर कात्री. बघू या, माझा शब्द मोडण्याची छाती आहे का हिची.”

“असं म्हणायचे आबा?”

“म्हणायला कशाला हवं? जन्म काढला त्यांच्याबरोबर. मीही काही कमी नव्हते. कात्री उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवायची आणि पाकीट कपाटात.”

कृतिका हे सारं कान देऊन ऐकत होती. “मग आबा रागवायचे तुम्हाला?”

“नाही गं. एक शब्द बोलायचे नाहीत. चष्मा पुसून डोळ्यांवर लावायचे आणि माझ्यासमोर, या खुर्चीत बसून राहायचे. कितीतरी वेळ.”

“पेपर वाचायला?”

“पेपर त्यांचा सकाळीच वाचून व्हायचा. मग चष्मा...”



दाराशी कुणीतरी “येतो काकू, जयभीम” म्हणालं. दिवसभर प्रत्येकाला नावानिशी उत्तर देणाऱ्या रंभाबाईंनी मान वळवली नाही. महेंद्रच्या हातातल्या गठ्ठ्याकडे त्या पाहत राहिल्या.

मग त्या उठल्या आणि समोरच्या पलंगाच्या कडेवर, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. महेंद्र रिकाम्या खुर्चीत टेकणार होता.

“तिथे नको,” त्या म्हणाल्या.

तो भिंतीशी उभा राहिला. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्याने गठ्ठ्यातलं सर्वांत जुनं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी सपाट केलं.

“कृतिका, त्या शिवणयंत्राचा खण उघड. कात्री आहे त्यात.”

मुलीने कात्री आणली आणि त्यांच्या शेजारी चढून बसली. पाकिटाच्या कडेशी कात्री धरून तिने वर पाहिलं.

“कापू?”

“थांब,” रंभाबाई म्हणाल्या. “आधी तुझ्या आबांचा चष्मा आण.”